न ओरडता वर्ग सांभाळायचा तर

आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे तिचे मुक्काम पडतात. मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीसाठी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा गजर टिपेला पोचलेला असतो. अशा वेळी चोपदार हातातला दंड उंच करतो आणि बघता बघता सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. मग तिची तक्रार ऐकून घेतली जाते, निवाडा होतो आणि आरती सुरू होते.

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी, अंगणवाडीच्या ताईंनी ही रीत नीट पाहण्यासारखी आहे. एवढी माणसे एका दिसणाऱ्या खुणेवर थांबतात. ती खूण प्रत्येकाला ठाऊक असते आणि रोज त्याच प्रसंगी, तशीच केली जाते. शिवाय ज्याला थांबणे मान्य नाही, त्यालाही आपले म्हणणे मांडण्याची ठरलेली वाट असते. या शेवटच्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त भर आहे, कारण आपल्या वर्गांत नेमकी तीच नसते.

आपल्याकडे वर्गातली सर्वांत जुनी खूण म्हणजे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. ती गुरुजींकडून मुलांकडे जाते आणि तिचा अर्थ गप्प बसा एवढाच. मुलांकडून गुरुजींकडे येणारी जुनी खूणही एकच, वर केलेली करंगळी. ती कोणत्याही शैक्षणिक साहित्याच्या यादीत नाही, तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत चालते. या दोन खुणांच्या मधली जागा बहुतेक वर्गांत रिकामी असते आणि ती भरायला आपण आपला घसा वापरतो. शिक्षकांमध्ये आवाज बसण्याच्या, घसा कायमचा बिघडण्याच्या तक्रारी इतर व्यवसायांपेक्षा जास्त आढळतात, त्याचे एक कारण हेच आहे.

आवाज का पुरत नाही

महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यातल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की शेजारच्या पट्टीवर बसलेल्या मुलाचेही बोलणे ऐकू येत नाही. अशा दिवशी वर्ग बंद पडतो किंवा बाई ओरडून शिकवतात. ओरडण्याची सवय मग पाऊस थांबल्यावरही राहते. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जतला असा पाऊस नसतो, पण एकाच खोलीत पहिली ते चौथी बसलेली असते आणि चार वर्गांचा मिळून आवाज पावसाच्या तोडीचा होतो.

दुसरे कारण मुलांच्या वयाचे आहे. ‘वह्या काढा, नवे पान उघडा, वर तारीख घाला आणि पुस्तकातले चित्र बघून नावे लिहा’ हे मोठ्या माणसाला एक वाक्य वाटते. सहा वर्षांच्या मुलासाठी ती चार कामे आहेत. पहिले करेपर्यंत तिसरे डोक्यातून गेलेले असते. मग ते शेजाऱ्याला विचारते, शेजारी तिसऱ्याला विचारतो आणि आपण म्हणतो, वर्गात बोलणे फार वाढले आहे. बोललेला शब्द हवेत विरतो, फळ्यावर काढलेले चित्र जागेवर राहते. वही, तारीख, डोळा, पेन्सिल अशी चार साधी चित्रे फळ्याच्या कोपऱ्यात ओळीने काढली, तर मूल विसरल्यावर मान वर करते आणि पुढचे काम सुरू करते. कुणाला विचारावे लागत नाही.

याला चित्रकार असण्याची गरज नाही. काडीपैलवानासारखी माणसे, गोल तोंड, दोन ठिपके पुरतात. रोज तेच चित्र तसेच आले पाहिजे, एवढीच अट.

सुरुवात एकाच खुणेने

पहिल्या आठवड्यात एकच खूण घ्या: सगळे थांबा, माझ्याकडे बघा. उंच केलेला हात पुरतो. हातात धरून काही उंचावायचे असेल तर जाड पुठ्ठ्यावर काढलेला मोठा डोळा काठीला लावा. लेझीमची काठी, झेंड्याची काठी, काहीही चालेल. छडी मात्र नको. ज्या वस्तूची एकदा भीती बसली, तिच्याकडे बघून मूल शांत होत नाही, आक्रसते.

ही खूण शिकवावी लागते, जशी बाराखडी शिकवतो तशी. मोकळ्या मैदानात घेऊन जा. मुलांना पळू द्या, ओरडू द्या, आणि हात वर करा. ज्याने पाहिले त्याने जागीच थांबून आपलाही हात वर करायचा. एकाला बघून दुसरा, दुसऱ्याला बघून तिसरा, असे पाठमोऱ्या मुलापर्यंत पोचते. शेवटचा हात वर गेला की हसून हात खाली, पुन्हा पळा. मुलांना हा खेळ फार आवडतो. दोन-तीन दिवस मैदानावर झाल्यावर तो वर्गात आणा आणि मग एखाद्या मुलाला चोपदार करा. रोज वेगळे मूल, आणि जे सर्वांत जास्त वळवळते त्याला लवकर पाळी द्या. खूण करणारा झाल्यावर त्याला तिचे मोल कळते.

आता यातला कठीण भाग. हात वर असताना आपण बोलायचे नाही. ‘ए, तिकडे कोण बोलतंय? हात वर केलाय दिसत नाही का?’ असे एकदा जरी म्हटले तरी ती खूण संपली. मुलांच्या लक्षात येते की खुणेमागून ओरडणे येणारच आहे, मग आधी कशाला थांबा? पहिल्या दिवसांत शेवटचे मूल थांबायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ हात वर ठेवून, चेहरा मोकळा ठेवून उभे राहावे लागते. निम्मा वर्ग शांत झाला की शिकवायला सुरुवात करण्याचा मोह होतो. तो आवरा. उरलेल्या निम्म्यांना आपण न सांगता शिकवतो की ही खूण तुमच्यासाठी नाही.

आणि हा नियम मोठ्यांनाही लागू हवा. हात वर असताना मुख्याध्यापक दारात आले तर त्यांनीही क्षणभर थांबावे. पोषण आहाराची ताई हिशोब विचारायला आली तर तिनेही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की गावातले सगळे टीव्ही आणि मोबाईल बंद होतील आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यास करतील. तिथली खूण कानाची आहे, पण मुद्दा तोच. भोंग्यानंतर आईची मालिका आणि वडिलांचा मोबाईलही बंद होतो, म्हणून मुलगा पुस्तक उघडतो. मोठ्यांनी स्वतःला सूट दिलेली खूण मुले पाळत नाहीत.

मारिया माँटेसरी यांच्या बालघरांतला शांततेचा खेळ याच्याही पुढे जातो. शिक्षिका फळ्यावर ‘शांतता’ एवढाच शब्द लिहायची, मुले वाचून आपोआप स्थिर व्हायची. मग दुसऱ्या खोलीतून एकेकाचे नाव हलक्या आवाजात घेतले जायचे आणि ते मूल पावले न वाजवता तिकडे जायचे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, ताराबाई मोडक पुढे त्यांना येऊन मिळाल्या आणि माँटेसरीची ही दृष्टी मराठी बालशिक्षणात आली. शांतता ही शिक्षा नसून मुलांना आवडणारी गोष्ट आहे, हे त्या पिढीने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले होते. मधल्या सुट्टीनंतर घामेजून आलेल्या वर्गासाठी हा खेळ आजही उत्तम. नाव घेण्याऐवजी दाराशी उभे राहून मुलाच्या नावाची पट्टी दाखवली, तर पहिलीतल्या मुलांचे वाचनही होते.

दिवस दोरीवर टांगा

‘बाई, मधली सुट्टी कधी?’ हा प्रश्न पहिलीच्या वर्गात दिवसभर येतो. मुलाला घड्याळ कळत नाही, तासिका कळत नाहीत, दिवस म्हणजे एक मोठा लांबलचक पट्टा असतो आणि घर कुठल्या टोकाला आहे ते दिसत नाही. काही मुले त्या अनिश्चिततेने रडतात, काही दंगा करतात.

खिडकीपासून खिडकीपर्यंत सुतळी बांधा. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दिवसाची चित्रे काढा: परिपाठाचे जोडलेले हात, भाषेचे पुस्तक, गणिताचे मणी, खिचडीचे ताट, खेळाचा चेंडू, गोष्ट सांगणारी आजी, शेवटी घर. कपड्यांच्या चिमट्यांनी ती क्रमाने टांगा. एक रंगीत चिमटा ‘आता’चा. काम बदलले की दिवसाचा नायक तो चिमटा पुढे सरकवतो. उंची मुलांच्या डोळ्यांइतकी ठेवा, आपल्या नव्हे. घड्याळ असेल तर सुट्टीच्या वेळेवर काट्याखाली रंगीत कागदाचा तुकडा चिकटवा. मोठा काटा रंगावर आला की सुट्टी, हे न शिकवता कळते.

एक कार्ड ‘बदल’ म्हणून वेगळे करून ठेवा, ठळक वेड्यावाकड्या रेघेचे. लसीकरणाची गाडी आली, प्रभातफेरी निघाली, बाईंना केंद्रशाळेत जावे लागले, की सकाळीच ते कार्ड त्या जागी लावा आणि मुलांना दाखवा. स्वमग्न मुलांसाठी तर हे फार महत्त्वाचे असते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७० च्या दशकात या मुलांच्या शिक्षणाची जी पद्धत उभी केली, तिचा पाया डोळ्यांना दिसणाऱ्या दिनक्रमावरच आहे. पुढे काय होणार हे दिसत असले की त्यांची घालमेल कमी होते. जे त्यांना लागते ते वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही उपयोगीच पडते.

जमीन बोलती झाली, त्याची गोष्ट

दिसणाऱ्या साधनांचा विषय साताऱ्यात निघाला आणि कुमठे बीटचे नाव आले नाही, असे होणार नाही. सातारा तालुक्यातल्या या बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धत अंगीकारली. बाके निघाली, मुले गटागटाने जमिनीवर बसू लागली, फरशीवर अंक आणि अक्षरांच्या आकृत्या आल्या, भिंतीच्या तळाशी मुलांचा हात पोचेल असे तळफळे रंगवले गेले. राज्यभरातले शिक्षक बघायला येऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात कुमठ्याचे नाव शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत होते.

पाहून गेलेल्या अनेकांनी आपल्या शाळेच्या फरश्या रंगवल्या. काही ठिकाणी वर्ग खरोखर बदलले. काही ठिकाणी सुंदर रंगवलेल्या फरशीवर सतरंजी अंथरून मुले पुन्हा रांगेत, फळ्याकडे तोंड करून बसली. आकृती रंगवणे हे काम ठेकेदारही करतो. त्या आकृतीवर मूल काय करणार, कुणाशी बोलणार, चुकले तर कसे ताडून बघणार, हे शिक्षकाने ठरवायचे असते. कुमठ्याहून घेण्यासारखे होते ते हे.

वर्गनियोजनासाठी जमिनीचा वापर अगदी थोडक्या रंगात होतो. दाराबाहेर पावलांच्या जोड्या काढा, एकामागे एक, मध्ये हातभर अंतर. ‘रांगेत उभे राहा, ढकलू नका’ हे वाक्य बरेच कमी लागते, कारण उभे कुठे राहायचे ते पायाला कळते. पाण्याच्या टाकीजवळ तीन पावलांच्या जोड्या पुरेत, म्हणजे चौथ्याने मागे थांबायचे. चपलांसाठी भिंतीला लागून चपलांच्याच आकृत्या काढा. गोष्टीसाठी बसायला मोठे वर्तुळ काढा आणि त्याच्या परिघावर मुलांइतके ठिपके, प्रत्येकाचा एक. तेलरंगाला पैसे नसतील तर आधी खडूने काढून आठवडाभर वापरून बघा. मैदानावर फक्की चालते. खडूची रेघ पुसून जागा बदलता येते, हा तिचा मोठा गुण आहे. घाईने तेलरंग मारला की चुकीची जागाही कायमची होते.

भिंतींना थोडा आराम

‘बोलक्या भिंती’ हा आपल्याकडे फार आवडता शब्द झाला आहे. सगळ्याच भिंती एकदम बोलू लागल्या तर मुलाने कुणाचे ऐकायचे, हा विचारही हवा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे सजवलेल्या खोलीत आणि काही साध्या भिंतींच्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष जास्त वेळ भरकटले. नंतरच्या चाचणीत साध्या खोलीतल्या धड्यांची सरासरी ५५ टक्के बरोबर उत्तरे आली, सजवलेल्या खोलीतल्या धड्यांची ४२ टक्के. चोवीस मुलांच्या प्रयोगावरून साऱ्या जगाचा नियम करू नये. पण निकाल दिलासा देणारा आहे, कारण पैसे नसलेल्या शाळेला तो अनुकूल आहे.

फळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा हातभर भाग मोकळा ठेवा. तिथे फक्त आज लागणाऱ्या खुणा असू द्या. ऋतू, फळे, राष्ट्रपुरुष, पाढे हे बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर जाऊ द्या. शाळेचे स्नेहसंमेलन झाले की झिरमिळ्या उतरवा. सहा महिने लटकलेली वस्तू मुलांना दिसेनाशी होते. खुणेची कार्डेही मळली, फिकी झाली की बदला. मागच्या पट्टीवर स्वतः बसून बघा, चित्र तिथून ओळखता येते का. ज्या मुलाला फळ्याजवळची खूणही दिसत नाही, डोळे बारीक करून बघावे लागते, त्याची डोळ्यांची तपासणी आरोग्य पथक येईल तेव्हा आवर्जून करून घ्या.

रंगांविषयी एक सावधगिरी. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला, हे सगळ्यांना सुचते. पण लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारी मुले असतात, त्यांत मुलगे जास्त, आणि सहा-सात वर्षांच्या वयात ते कुणाला ठाऊकही नसते. म्हणून रंगासोबत आकार बदला. लाल असेल तो चौकोन, हिरवा असेल तो गोल. रंग नाही कळला तरी अर्थ चुकत नाही.

मुलांच्या हातातल्या खुणा

वारीत वाजत राहिलेल्या टाळांचा मुद्दा आता येतो. मुलाला बोलण्याची पाळी मिळेपर्यंत त्याची अडचण कळायची सोय हवी.

करंगळी आहेच. तिला मान द्या. मूल करंगळी दाखवते तेव्हा नुसती मान हलवून परवानगी द्यावी, शिकवणे थांबवू नये, ‘आत्ताच तर जाऊन आलास’ असे सर्वांसमोर म्हणू नये. दाराजवळ खिळ्याला दोन पट्ट्या अडकवा, एक मुलींची, एक मुलांची. जाणाऱ्याने पट्टी गळ्यात घालून जायचे, आल्यावर परत लावायची. पट्टी खिळ्यावर नसेल तर दुसऱ्याने थांबायचे. कोण बाहेर आहे ते आपल्याला दिसते आणि विचारणाऱ्यांची गर्दी होत नाही. अगदी निकड असलेल्या मुलाला मात्र पट्टीची वाट बघायला लावू नका.

पाटी हे तर आपले हक्काचे साधन. गणित घातले, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहिले, ‘पाट्या वर’ म्हटले की एका नजरेत कळते कुणाला आले, कुणाला नाही. हात वर करणाऱ्या हुशार चार मुलांवर वर्गाचा अंदाज बांधायची गरज उरत नाही. लिहिणे चालू असेल तर पाटी मांडीवर, झाले की छातीशी पालथी, मदत हवी असेल तर शेजारी जमिनीवर उभी. या तीन स्थिती मुले लवकर शिकतात. ‘बाई, झालं’, ‘बाई, माझंबी झालं’ हा गलका त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करायला वेळ मिळावा यासाठीही खूण लागते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्ग ऐकून दाखवून दिले की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांब येतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद मनात मोजणे अवघड जाते. म्हणून प्रश्न विचारून आपण हनुवटीवर बोट ठेवायचे, म्हणजे ‘विचार चालू’. उत्तर सुचले की मुलाने छातीशी अंगठा धरायचा, हात हवेत नाचवायचा नाही. शेजारच्या मुलाचा उंचावलेला हात पाहिला की मागे पडलेले मूल विचार करणे सोडून देते. छातीशी धरलेला अंगठा फक्त बाईंना दिसतो.

आणखी एक खूण द्या, ‘मला बरे वाटत नाही’ किंवा ‘मला बोलायचे आहे’ यासाठी. हात पोटावर, किंवा छातीवर तळहात, जे मुलांना सुचेल ते. घरी भांडण झालेले, उपाशी आलेले, कुणी चिडवलेले मूल तोंडाने सांगत नाही. खूण केली तर आपण त्याच्याजवळ जाऊन बसतो, वर्गाला कळतही नाही.

भाषा वेगळी असलेल्या मुलासाठी

जत तालुक्यात कन्नड बोलणारी गावे आहेत, जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. पण मराठी शाळेत येणाऱ्या कित्येक मुलांच्याही घरी कन्नडच असते. कऱ्हाड, वाळवा, पलूस, कडेगाव या उसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपेपर्यंत फडाजवळ राहतात. त्यांच्यातल्या बंजारा मुलांची घरची बोली गोरमाटी. ही मुले शाळेत आली तरी वर्षाच्या मधेच येतात, कोपऱ्यात बसतात आणि महिनाभर काय चालले आहे त्याचा अंदाज घेत राहतात. बाई रागावल्या आहेत की कौतुक करत आहेत, हेही त्यांना चेहऱ्यावरून ताडावे लागते.

वर्गात खुणा ठरलेल्या असतील तर अशा मुलाला पहिल्या दिवशी निदान बसायचे कुठे, थांबायचे कधी, जेवण कधी, पाणी कुठे, एवढे कळते. त्याच्या शेजारी एक जोडीदार द्या आणि खुणा शिकवण्याचे काम जोडीदाराकडे सोपवा. मुले मुलांना आपल्यापेक्षा लवकर शिकवतात. त्या मुलाची भाषाही भिंतीवर येऊ द्या. पाण्याच्या चित्राखाली ‘पाणी’ आणि त्याखाली देवनागरीत ‘नीरु’ लिहिले, तर कन्नड मुलाला आपण इथले आहोत असे वाटते आणि बाकीच्यांना एक शब्द नवा मिळतो. खुणांवर कायम थांबू नका मात्र. पहिल्या दिवसापासून खुणेसोबत शब्द उच्चारा, नाही तर मूल खुणेवर निभावून नेते आणि मराठी बोलायचे राहून जाते.

भाषा एकच असली तरी दोनशिक्षकी शाळेत खुणांवाचून गत्यंतर नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. प्रत्येक गटासमोर तीनपैकी एक कार्ड उभे करा: ‘गुरुजींसोबत’, ‘जोडीने’, ‘आपले आपण’. ज्या गटासोबत तुम्ही बसला आहात त्याच्याशी बोलत असताना गळ्यात एक ठळक रंगाचा बिल्ला घाला. बिल्ला असताना इतर गटांतल्या मुलांनी आधी जोडीदाराला विचारायचे, मग गटनायकाला, आणि तरीही अडले तर पाटी शेजारी उभी करून पुढचे काम घ्यायचे. बिल्ला काढला की आधी त्या उभ्या पाट्यांकडे जा. तिथे न जाता दुसऱ्याच कामाला लागलात, तर उद्यापासून मुले बिल्ल्याला जुमानणार नाहीत.

हे मात्र टाळा

भिंतीवर मुलांची नावे आणि समोर लाल, पिवळे, हिरवे ठिपके. चांगले वागणाऱ्याचा चिमटा वर, दंगेखोराचा खाली. फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची यादी. हे सगळे डोळ्यांना दिसते म्हणून दृश्य साधनांत मोडत नाही. हे चव्हाट्यावर उभे करणे आहे. खाली गेलेला चिमटा दिवसभर सगळ्यांना दिसतो, आईला न्यायला आल्यावर दिसतो, आणि बहुतेक वर्गांत रोज तीच दोन-तीन मुले खाली असतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक त्रासही मना केला आहे. खूण कामाची असावी, मुलाच्या लायकीची नसावी. काय करायचे ते तिने सांगावे, कोण कसा आहे ते सांगू नये.

एकाच वेळी दहा-बारा खुणा सुरू करू नका. इंटरनेटवर छापील कार्डांचे संच मिळतात, त्यात हिमवर्षाव, पाश्चात्त्य पेहरावातली मुले, आपण न खाणारे पदार्थ असतात. त्यापेक्षा मुलांनी स्वतः काढलेली कार्डे शंभरपट बरी. ज्याने खिचडीच्या ताटाचे चित्र काढले, तो ते कार्ड योग्य वेळी लागले की नाही यावर स्वतः लक्ष ठेवतो. आणि जी खूण तीन आठवडे नीट करूनही लागू पडत नाही, ती सोडून द्या. मुलांनाच विचारा, याऐवजी काय करूया. त्यांना सुचलेली खूण बहुधा टिकते.

काही मुले कुठल्याच खुणेला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी दुरून इशारे वाढवत बसू नका. शिकवता शिकवता जवळ जाऊन उभे राहा, त्याच्या वहीवर बोटाने जागा दाखवा. तरीही फरक पडत नसेल, तर ऐकू येते का, दिसते का, झोप पुरेशी होते का, हे घरच्यांशी बोलून पाहा, आणि समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना वर्गात बोलवा.

शेवटी एक विनंती. पुढच्या शिक्षण परिषदेला जाताना आपल्या वर्गातल्या खुणांचा एक कागद सोबत न्या आणि केंद्रातल्या इतर शिक्षकांच्या कागदांशी ताडून बघा. थांबणे, मदत, पाणी, बाहेर जाणे आणि दिवसाचा क्रम एवढ्या पाच गोष्टींच्या खुणा सगळ्या शाळांच्या पहिली-दुसरीत आणि गावातल्या अंगणवाडीत सारख्या ठेवा. त्याला शासन निर्णय लागत नाही की निधी लागत नाही, केंद्रप्रमुखांची संमती आणि एका दुपारची चर्चा पुरते. तसे झाले तर अंगणवाडीतून पहिलीत येणारे मूल, बदली होऊन आलेल्या बाई आणि फडावरून आलेली मुलगी, तिघांनाही नव्या वर्गात पहिल्याच दिवशी काम सुरू करता येईल.